थांबवलेल्या सूचना

भिलारे गुरुजींच्या सदऱ्याच्या खिशात खडू सापडला, तेव्हा ओट्यावर सात मुलं बसली होती.

खिशात खडू असणं यात नवल काहीच नव्हतं. मोरदऱ्याच्या शाळेत पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेला माणूस. घराच्या ओट्यावर फळा टांगून अजूनही संध्याकाळी गावातल्या मुलांना हौसेनं शिकवायचा. पण हा खडू अर्धा खाल्लेला होता. त्याच्या टोकाला दातांच्या खुणा होत्या आणि गुरुजींच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरी पूड होती.

"अण्णा, हे काय?" त्यांची मुलगी संयोगिता नुकतीच कामावरून आली होती. पायातल्या चपलाही तिनं काढल्या नव्हत्या.

"काही नाही गं. तोंडाला चव नव्हती."

"म्हणून खडू? पंधरा दिवसांत दोन डबे संपले. मला वाटलं पोरं घरी नेतात. मी त्या सुर्वेंच्या मुलीला बोलले त्यावरून!"

गुरुजी हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "बरा लागतो. पाणी शिंपडलेल्या मातीचा वास येतो ना, तशी चव असते."

एक मूल फिसकन हसलं, मग सगळीच हसली. संयोगितानं वडिलांच्या खिशात हात घातला आणि एकेक तुकडा काढून फळ्याखालच्या फळीवर ठेवला. पाच निघाले. एकाहत्तर वर्षांचे गुरुजी दोन्ही हात बाजूला धरून, झडती देणाऱ्या पोरासारखे उभे होते.

"उद्यापासून शिकवणी बंद," ती मुलांना म्हणाली. मग आवाज खाली न आणताच वडिलांना म्हणाली, "वयानं डोकं चालेनासं झालंय तुमचं. पुढच्या महिन्यात साताऱ्याला दाखवून आणते."

डोक्याच्या डॉक्टरला, हे तिनं म्हटलं नाही. पण ओट्यावरच्या सगळ्यांना ते कळलं.

संयोगिता मोरदऱ्याच्या आरोग्यकेंद्रात चकती तंत्रज्ञ होती. आसपासच्या एकतीस गावांत आणि वाड्यांवर तिच्या देखरेखीखाली सहाशे बारा माणसं होती. त्यांतले एक तिचे वडील.

उतारवयात पुष्कळांच्या हृदयाचा ठोका बिघडतो. हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसतेच थरथरत राहतात. मग तिथे रक्त साचतं, साचलं की गोठतं, आणि त्या गोठलेल्या रक्ताची एखादी गुठळी मेंदूत जाऊन अडकली की माणूस अर्ध्या अंगानं लुळा पडतो. त्यावर रक्त पातळ करणारी औषधं होती, पण त्यांची मात्रा साधणं अवघड होतं. कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. पाच वर्षांपूर्वी, २०३४ साली, ही चकती आली. रुपयाच्या नाण्याएवढी, गळपट्टीच्या हाडाखाली कातडीत बसवायची. रक्त किती वेळात गोठतं हे ती तासातासाला मोजायची आणि लागेल तेवढंच औषध सोडायची. मोबाइल जवळ धरला की त्यावर दिवा दिसायचा. हिरवा म्हणजे ठीक. मोरदऱ्याच्या भागात वर्षाला पन्नासजणांना लकवा व्हायचा, तो आकडा नवावर आला.

चकतीला आणखी एक डोळा होता. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्यांवर ती प्रकाश टाकायची आणि परत आलेल्या प्रकाशावरून हिमोग्लोबिनचा अंदाज घ्यायची. त्याची गरज होती. एरवी पोटात, आतड्यात एखादी बारीक जखम झाली तर ती आपोआप मिटते. पातळ रक्ताच्या माणसात ती पाझरत राहते. दिवसाला चमचाभर. दुखत नाही, खुपत नाही. शरीर साठवणीतलं लोह काढून नवं रक्त बनवत राहतं, आणि साठा संपला की माणूस हळूहळू फिका पडत जातो. चकती आपलं मुख्य काम तेव्हाही चोख करत असते. रक्त हवं तेवढंच पातळ असतं, म्हणून दिवा हिरवाच राहतो.

हिमोग्लोबिन घसरल्याची सूचना रुग्णाला दिसत नसे. सुरुवातीला दिसायची, तर घाबरून लोकांनी चकत्याच काढून घेतल्या आणि त्यांतल्या काहींना लकवा झाला. तेव्हापासून सूचना फक्त तंत्रज्ञाकडे येत. सूचना आली की त्या माणसाच्या घरी जायचं, बोटातून थेंबभर रक्त घ्यायचं, तपासायचं.

मार्चमध्ये ऊन तापलं आणि संयोगिताकडे दिवसाला तीस-तीस सूचना येऊ लागल्या. उन्हानं रापलेली कातडी, अंगाला लावलेली हळद, घाम, कशानंही चकतीचा हा दुसरा डोळा फसायचा. दोन आठवडे ती गाडीवरून डोंगर चढली-उतरली. दहांतल्या आठ सूचना खोट्या निघाल्या. मार्चच्या शेवटच्या शनिवारी, एका वाडीवरून हात हलवत परत आल्यावर, तिनं केंद्रातल्या संगणकावर एक पर्याय निवडला. 'सर्वांच्या सूचना थांबवा.' संगणकानं कारण विचारलं. दिलेल्या कारणांपैकी 'प्रत्यक्ष तपासणी केली आहे' यावर तिनं बोट ठेवलं.

पंधरा दिवसांसाठी, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. पंधरा दिवस फार शांततेत गेले. मग जून आला. ऑगस्टमध्ये सर्वांत कमी सूचनांचं केंद्र म्हणून मोरदऱ्याचं जिल्ह्याच्या बैठकीत कौतुक झालं. दुसऱ्या एका केंद्रातल्या बाईनं चहाच्या वेळी तिला विचारलं, "कसं जमवता हो तुम्ही?" संयोगिता म्हणाली, "लोकांशी बोलावं लागतं."

ऑक्टोबरात, खडूच्या प्रसंगानंतर दोन दिवसांनी, गुरुजी तिला म्हणाले, "संयू, तीन पायऱ्या चढलो की धाप लागते गं. कानात हृदयाचा ठोका ऐकू येतो."

तिनं मोबाइल त्यांच्या गळ्याखाली धरला. "हिरवी आहे चकती. बसून बसून अंग जड झालंय, अण्णा. शिकवणी नाही, काही नाही. रोज सकाळी दूध डेअरीपर्यंत चालून या."

"बरं."

ते गेले. पहिल्या दिवशी कुंपणांना धरत परत आले. दुसऱ्या दिवशी डेअरीच्या पायरीवर अर्धा तास बसून राहिले. संयोगिता कामावर निघता निघता म्हणाली, "सवय होईल." पाचव्या दिवशी सकाळी साडेसातला डेअरीतून फोन आला. गुरुजी रांगेत उभ्या उभ्याच खाली कोसळले होते.

केंद्राच्या डॉक्टर तबस्सुम अत्तार यांनी त्यांच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आतून ती कागदासारखी पांढरी होती. मग त्यांनी नखं पाहिली, बोटातून रक्त घेतलं. यंत्रावर आकडा आला चार पूर्णांक नऊ. हवा होता तेरा.

"गुरुजी," डॉक्टरांनी विचारलं, "माती, भिंतीचा चुना, कच्चे तांदूळ, असलं काही खावंसं वाटतं का?"

गुरुजींनी आधी मुलीकडे पाहिलं. सांगू की नको, असं विचारल्यासारखं.

"खडू," ते म्हणाले.

"होतं असं. शरीरातलं लोह संपलं की भलत्याच गोष्टींची ओढ लागते. का, ते अजून नीट कळलेलं नाही. पण डोक्यात काही बिघाड झालेला नाही, एवढं नक्की. लोह भरून आलं की ही ओढ जाते." मग त्या संयोगिताकडे वळल्या. "इतकं खाली यायला महिने लागतात. चकतीनं काहीच सांगितलं नाही?"

"नाही," संयोगिता म्हणाली.

ते खोटं इतक्या सहज तोंडून गेलं की तिलाच कळलं नाही. रुग्णवाहिका हलल्यावर, वडिलांचा गार हात हातात धरून बसल्यावर ते तिला कळलं.

जिल्ह्याच्या रुग्णालयात गुरुजींना रक्ताच्या तीन पिशव्या चढवल्या. दुर्बीण घालून पाहिलं, तर जठराच्या पुढे, लहान आतड्याच्या तोंडाशी एक बारीकशी जखम होती. तूरडाळीच्या दाण्याएवढी. उष्णतेनं ती तिथल्या तिथे बंद केली. चकतीची मात्रा थोडी कमी केली, पूर्ण थांबवून चालणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या गालांवर जरा रंग आला होता. ते छताकडे पाहत म्हणाले, "चूक माझीच आहे."

"तुमची कसली?"

"बाहेरला काळं होत होतं. डांबरासारखं. दीड-दोन महिने. पण तुला कसं सांगायचं? मुलीला असलं काय सांगायचं? तुझी आई असती तर बोललो असतो." त्यांनी डोळे मिटले. "आणि खडूचं म्हणशील, तर तू उरलेले डबे कपाटात कुलपात ठेवलेस ना, त्याची किल्ली मी शोधत होतो, संयू. तू गेलीस की सगळं घर धुंडाळायचो. शिक्षक माणूस मी. फार लाज वाटायची."

संयोगिता उठली आणि बाहेरच्या गॅलरीत आली. तिथल्या बाकावर बसून तिनं मोबाइलवर केंद्राची नोंद उघडली. थांबवलेल्या सूचना पुसल्या जात नाहीत, एका बाजूला साठून राहतात. सात महिन्यांत तिनं तिकडे एकदाही पाहिलं नव्हतं. वडिलांचं नाव टाकलं. पहिली सूचना अकरा एप्रिलची होती, 'हिमोग्लोबिन घसरू लागले आहे.' त्यानंतर एकूण शहाण्णव. मुलांसमोर तिनं त्यांचे खिसे रिकामे केले त्या दिवशीची होती, 'पाच पूर्णांक सहा. तातडीने तपासा.'

मग तिनं सगळ्या भागाची यादी काढली. महिनोन् महिने सतत घसरण दाखवणारी अडतीस नावं आली. वडिलांचं सोडून सदतीस. त्यांतलं एक करड्या रंगात होतं. ढेबे सीताराम रामू, वय एकोणसत्तर, पठारवाडी. सूचना एकसष्ट. मृत्यू एकोणीस सप्टेंबर.

मृत्यूचं कारण हृदयविकार असं लिहिलं होतं. वयस्क माणूस, त्यातून हृदयाचाच रुग्ण. कुणी अधिक चौकशी केली नव्हती. संयोगिता सांत्वनाला गेली होती. ढेब्यांच्या बायकोला, यमुनाबाईंना, तिनं शेजारी बसून सांगितलं होतं, "चकती शेवटपर्यंत हिरवी होती, आजी. त्यांना काही त्रास झाला नसेल."

पडद्यावर खाली 'सूचना सुरू करा' असं बटण होतं. ते दाबलं की आजपासून सूचना नव्यानं येतील. ती लगेच एकेकाकडे जाईल, तपासेल, औषध सुरू होईल. जुनी नोंद उघडून पाहणारं कुणी नव्हतं. तिनं बटण दाबलं, ते तर दाबायलाच हवं होतं. पाच मिनिटांत अठ्ठावीस सूचना येऊन पडल्या. ती त्या वाचत बसली. शेजारी एक बाई आपल्या सासऱ्यांसाठी मोसंबी सोलत होती, तिनं दोन फोडी पुढे केल्या. संयोगितानं मान हलवून नको म्हटलं आणि अत्तार मॅडमना फोन लावला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं.

"किती जण?"

"छत्तीस. शिवाय अण्णा. आणि ढेबे."

"कारण काय दिलं होतंस?"

"तपासणी केली आहे म्हणून."

"केली होतीस?"

"नाही."

"दर महिन्याच्या अहवालावर माझी सही आहे," डॉक्टर म्हणाल्या. "सात महिने सूचना शून्य. मला शंका यायला हवी होती. मला बरं वाटत होतं." मग त्यांचा आवाज कोरडा झाला. "कागदांचं नंतर बघू. आधी माणसं. उद्या सकाळी सातला केंद्रावर ये."

दोन दिवसांत त्या दोघी छत्तीस घरी गेल्या. चौदाजणांचं रक्त ठीक निघालं, तिथे चकतीच चुकली होती. बावीसजणांचं खरोखर कमी होतं. चौघांना त्याच दिवशी दाखल करावं लागलं. प्रत्येक घरात, बोटाला सुई टोचण्याआधी, संयोगिता म्हणायची, "चकती सांगत होती. मी तिच्या सूचना बंद केल्या होत्या." पहिल्या दोन-तीन घरी पुढे काहीबाही कारणं आली, उन्हाची, खोट्या सूचनांची. मग डॉक्टरांनी गाडीत बसल्यावर एवढंच म्हटलं, "तू त्यांच्याकडून माफी वसूल करतेयस." त्यानंतर तिनं कारणं सांगणं सोडलं.

काही ठिकाणी लोकांना ते कळलंच नाही. "आलात ना आता, झालं," असं म्हणून त्यांनी चहा टाकला, आणि तो चहा पिणं तिला फार जड गेलं. एका घरात मुलानं तिला दाराबाहेर उभं राहायला सांगितलं आणि फक्त डॉक्टरांना आत घेतलं. एका म्हातारीनं सगळं ऐकलं आणि सुनेकडे वळून म्हणाली, "ऐकलंस? चार महिने तू मला कामचुकार म्हणत होतीस." सून दारातच खाली मान घालून उभी होती. म्हणाली, "दिवा हिरवा होता ना."

त्यानंतर ते वाक्य तिनं आणखी पाच-सहा घरांत ऐकलं. दमलोय म्हणणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याकडे पाहायचं लोकांनी सोडून दिलं होतं. मोबाइल धरायचा, दिवा पाहायचा, आणि त्याला उठ म्हणायचं. आपण वेगळं काय केलं, असं तिनं स्वतःला विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

तिनं लेखी कबुली दिली. चौकशी बसली. नोव्हेंबर संपायच्या आत तिला कामावरून दूर केलं गेलं आणि यापुढे चकतीचं काम देऊ नये असा शेरा पडला. अत्तार मॅडमची बदली झाली. जिल्ह्यानं नियम बदलला. घसरण आठवडाभर टिकली तर सूचना रुग्णाच्या घरीही जाऊ लागली. गावात बातमी पसरली, तेव्हा किराणा दुकानात संयोगिता गेली की बोलणं थांबायचं.

गुरुजी घरी आले त्या दिवशीच तिनं त्यांना सांगितलं होतं. ते पाटावर बसून भात कालवत होते.

"माझ्यासुद्धा सूचना?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यांच्या. यादीत तुमचं नाव आहे हे माझ्या लक्षातही आलं नाही."

ते जेवत राहिले. ताट संपल्यावर म्हणाले, "वर्गात मी काही पोरांना विनाकारण मारलं. रागाच्या भरात. दुसऱ्या दिवशी चूक कळायची, पण चाळीस पोरांसमोर कबूल करणं मला कधी जमलं नाही. तिघाचौघांचे चेहरे अजून दिसतात." त्यांनी हात धुतला. "ढेब्यांकडे गेलीस का?"

"नाही."

पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. तिला वाटलं, एकदा ओरडले असते तर बरं झालं असतं.

डिसेंबरात एका सकाळी ती पठारवाडीला गेली. केंद्राची गाडी आता नव्हती. खालच्या फाट्यावर बसमधून उतरून तास-दीड तास चढावं लागलं. यमुनाबाई अंगणात वरई पाखडत होत्या.

"या बाई," त्या म्हणाल्या. "चकती तर त्यांच्यासंगं गेली. आता काय तपासाय आलासा?"

संयोगिता समोर जमिनीवरच बसली. "आजी, मे महिन्यापासून चकती मला सांगत होती की त्यांचं रक्त कमी होतंय. तिचं सांगणं मी बंद करून ठेवलं होतं. मी वेळेवर आले असते तर ते बहुतेक वाचले असते." 'बहुतेक' हा शब्द आपण आडोशाला घेतला, असं तिला वाटलं. "वाचले असते," ती पुन्हा म्हणाली.

यमुनाबाईंचे हात सुपात थांबले. "पर तुमीच सांगितलंत, त्यांना तरास झाला नसंल म्हून."

"मला माहीत नव्हतं. तरी सांगितलं. खोटं होतं ते."

गोठ्यात म्हैस दाव्याला हिसके देत होती.

"मंजी त्यांना दम लागत हुता, त्यो खरा हुता?"

"खरा होता."

"आनि थंडी? भर उन्हात घोंगडं घिऊन पडायचं."

"तीही खरी. रक्त कमी झालं की थंडी वाजते."

यमुनाबाईंनी सूप खाली ठेवलं. "म्या ते घोंगडं वढून काढलं अंगावरचं," त्या म्हणाल्या. "म्हनले, दिवा हिरवा दिसतुया, सोंगं करू नगा, म्हशीला वैरण टाका. मरायच्या आदल्या दिशी. उठलं बिचारं. टाकली वैरण." त्या संयोगिताकडे पाहत होत्या, पण रागानं नाही. "तुमी येऊन तुमचं सांगितलंसा. माझं म्या आता कुनाला सांगू?"

उठावं असं संयोगिताला वाटलं, पण उठवेना.

"कवा कवा सांगितलं चकतीनं? तारखा हायत?"

"आहेत." चौकशीसाठी उतरवून काढलेला कागद तिच्या पिशवीत होता. "एकसष्ट आहेत."

"वाचा."

"आजी, कशाला..."

"वाचा म्हनते ना."

संयोगितानं कागद उलगडला. "सात मे."

यमुनाबाईंनी डोळे बारीक केले, बोटांवर काहीतरी मोजलं. "अक्षय्य तृतीयेच्या पुढं... त्या दिशी आमी माझ्या भनीकडं चाललोवतो. दम लागला म्हून अर्ध्या घाटातनं माघारी फिरलं. म्या आठ दिस बोलले न्हाई त्यांच्यासंगं." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "फुडची?"

"अकरा मे," संयोगितानं वाचलं.